पहाटे साडेतीनला झोपणाऱ्याने सकाळी किती वाजता उन्हात जावं?

तुमची हकिगत थोडक्यात अशी. वय २७, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. काहीही केलं तरी पहाटे तीन-साडेतीनच्या आधी डोळ्याला डोळा लागत नाही. शनिवार-रविवारी कोणी उठवलं नाही तर साडेअकरापर्यंत गाढ झोप, आणि उठल्यावर अगदी ताजंतवानं. सोमवार ते शुक्रवार साडेनऊच्या मीटिंगसाठी साडेआठला गजर, म्हणजे जेमतेम पाच तास. कॉलेजपासून हेच चाललंय. झोपेची गोळी घेऊन झाली. दोन आठवडे पहाटे उठून तळजाईच्या टेकडीवर जाऊन झालं, तर झोप आणखी पुढे सरकली. वडील म्हणतात, शिस्त नाही. जूनमध्ये कंपनी वर्षभरासाठी म्युनिकला पाठवतेय, तिकडे गेल्यावर हे सुटेल का, हाही प्रश्न आहे.

सुरुवात टेकडीपासून करते. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहिलंय, पण सगळ्या हकिगतीत मला तेच कामाचं वाटलं. पहाटे उठायला लागल्यावर झोप अलीकडे यायला हवी होती, ती पुढे का गेली? एवढं समजलं की बाकीचं बरंचसं उलगडतं. त्यासाठी जरा मागून यावं लागेल.

तुम्हाला निद्रानाश झालेला नाही. निद्रानाश असलेल्या माणसाला सुट्टी द्या, शांत खोली द्या, उद्या काही काम नाही म्हणून सांगा, तरी तो कूस बदलत राहतो. तुम्हाला झोप येते, सलग आठ तास येते आणि पुरते. ती येण्याची वेळ जगाच्या वेळेशी जुळत नाही, एवढंच. १९८१ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयातल्या एलियट वाइट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचं वेगळं वर्णन केलं. तोवर अशी माणसं निद्रानाशाच्या खात्यात जमा व्हायची. आपल्याकडे अजूनही होतात. मानसोपचाराची प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा पहिली काही वर्षं मीही अशा मुलांना झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. गोळीने डोळे मिटतात, घड्याळ मात्र होतं तिथेच राहतं. चार दिवस बरं वाटतं, मग डोस कमी पडायला लागतो, आणि अल्प्राझोलामसारख्या गोळीची सवय लागली की ती सोडवणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. तुमची गोळी अजून चालू असेल तर मनानेच एकदम बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारून हळूहळू उतरवा.

आता हे घड्याळ. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. झोप, शरीराचं तापमान, मेलाटोनिन (रात्र झाली ही खूण शरीराला देणारं संप्रेरक), सकाळची भूक यांच्या वेळा तोच ठरवतो. बाहेरून काही कळलं नाही तरी तो चालत राहतो. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं वेळच्या वेळी मिटत आणि उघडत राहिली. माणसाचंही तसंच. फरक इतका की माणसाच्या घड्याळाचा एक फेरा सरासरी २४ तास आणि वर साधारण दहा मिनिटं असा भरतो. म्हणजे मोकळं सोडलं तर बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडेल. ते रोज ओढून जागेवर आणतो तो उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी बघण्याचं काम जवळजवळ करतच नाहीत. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढीच खबर त्या या पुंजक्याला पोचवतात.

तुमच्यासारख्या काही जणांचा फेरा आणखी लांब असतो. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मायकेल यंग यांच्या गटाला उशिरा झोपणाऱ्या काही घराण्यांत एका जनुकातला बदल सापडला. त्या जनुकाचं नाव क्राय-१. यंग यांना त्याच वर्षी, आणखी दोघांबरोबर, शरीरातल्या घड्याळावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. प्रत्येक निशाचरात हा बदल असतो असं नाही. तरी घरात चौकशी करून बघा. रात्री दोनपर्यंत शिवणकाम करत बसणारी एखादी आत्या, नाहीतर आयुष्यभर रात्रपाळी मागून घेणारे काका बहुधा निघतात. त्यांना कोणी आजारी म्हटलं नाही, कारण त्यांना नऊ-साडेनऊची मीटिंग नव्हती.

दुसरी गोष्ट वयाची. बारा-तेराव्या वर्षापासून सगळ्यांचंच घड्याळ उशिराकडे सरकायला लागतं, विशीच्या आसपास सर्वांत उशिरा असतं आणि तिथून हळूहळू परत येतं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला तेव्हा मला आनंद झाला आणि जरा हसूही आलं. सातची शाळा खरी जड जाते ती नववी-दहावीच्या पोरांना. पहिलीतलं मूल तसंही सहाला उठून घर डोक्यावर घेतं. असो.

तुम्ही साडेदहाला अंथरुणावर पडून तीनपर्यंत छताकडे बघत बसता, असं लिहिलंय. त्यालाही कारण आहे. आपल्या नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास घड्याळ आपल्याला सर्वांत जास्त जागं ठेवतं. दिवसभराचा शीण साठत असतो, त्याला तोलून धरायला घड्याळ त्या वेळी जोर लावतं. सर्वसाधारण माणसाचा हा काळ संध्याकाळी आठ ते दहा, तुमचा साधारण साडेबारा ते तीन. त्या वेळात कोडिंग सर्वांत छान होतं, घर आवरावंसं वाटतं, कॉलेजच्या मित्राला फोन करावासा वाटतो, ते यामुळे. अशा वेळी झोपायचा प्रयत्न म्हणजे भर दुपारी मोर्चा चालू असताना लक्ष्मी रोडवरून गाडी काढायचा प्रयत्न. वर अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, हे मनात पक्कं होतं ते वेगळंच. तेव्हा साडेदहाला पडणं आजपासून बंद. झोप आल्यावरच आडवं व्हायचं, दोन वाजले तरी चालतील.

आता टेकडी. शरीराचं तापमान चोवीस तासांत थोडं चढतं-उतरतं. ते सर्वांत कमी कधी असतं? आपण गजराशिवाय ज्या वेळी उठतो, त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी. या क्षणाला मी पेशंटशी बोलताना ‘तळ’ म्हणते. हा तळ सीमारेषेसारखा आहे. त्याच्या अलीकडे डोळ्यांत पडलेला उजेड घड्याळाला सांगतो की अजून संध्याकाळ संपलेली नाही, जरा उशिरा चाल. पलीकडे पडलेला उजेड सांगतो की दिवस उजाडला, उद्या लवकर चाल. उजेड तोच, पण तळाच्या कुठल्या बाजूला पडला त्यावर परिणाम नेमका उलटा होतो.

रात्री अकराला झोपून साडेसहाला उठणाऱ्या तुमच्या वडिलांचा तळ असेल चारच्या आसपास. त्यांना पहाटेचं, सकाळचं कुठलंही ऊन मानवतं, ते तळाच्या पलीकडेच पडतं. ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही शिकवण त्यांच्या शरीरावर बेतलेली आहे. तुम्ही गजराशिवाय साडेअकराला उठता, म्हणजे तुमचा तळ नऊच्या आसपास. तुम्ही टेकडीवर जात होता साडेसहाला. तळाच्या अडीच तास आधी! वडिलांच्या हिशेबात सांगायचं तर त्यांनी रात्री दीड वाजता गच्चीवर जाऊन हॅलोजनसमोर तासभर उभं राहावं, तसं ते झालं. झोप पुढे गेली नसती तरच नवल. त्यात तुमची झोपमोडही झाली.

हे ऐकल्यावर बहुतेक जण माझ्याकडे अविश्वासाने बघतात. एका पेशंटच्या आईने तर, “म्हणजे डॉक्टरच सांगतायत उशिरा उठ म्हणून,” असं म्हणून कपाळाला हात लावला होता. पण हाच उपाय आहे. उशिरा उठून, योग्य बाजूचा उजेड घेऊन, तिथून मागे मागे यायचं.

तर योजना. आधी दोन आठवडे वही ठेवा: कधी आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, कधी जाग आली, गजराने की आपोआप, चहा-कॉफी किती वाजता, बाहेर उजेडात किती वेळ. मनगटावरच्या पट्टीचे आकडे लिहिले तरी चालतील, मात्र तिने दाखवलेल्या ‘गाढ झोपे’च्या टक्क्यांवर फार जीव टाकू नका. वहीवरून गजराशिवाय उठायची खरी वेळ काढा. आठवडाभर झोप तुटलेली असताना शनिवारी जरा जास्तच झोपतो आपण, म्हणून शक्य तर सलग चार-पाच सुट्टीचे दिवस त्यात येऊ द्या.

मग असा एक पंधरवडा निवडा की सकाळच्या मीटिंग टाळता येतील. घरून काम, साठलेली रजा, गणपती, दिवाळी, काहीही. पहिल्या दिवशी अकराला उठायचं आणि पंधरा मिनिटांच्या आत बाहेर. अर्धा-पाऊण तास. पळायला हवं असं नाही, कोपऱ्यावरच्या टपरीवर उभं राहून चहा घेतला तरी उजेड तेवढाच मिळतो. दोन दिवसांनी उठायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे, पुन्हा दोन दिवसांनी अर्धा तास. पंधरवड्यात तुम्ही अकराहून साडेसातवर येता. तळ तुमच्याबरोबर मागे सरकत येतो, म्हणून आठवड्यापूर्वी जो आठचा उजेड वाईट होता तो आता चांगला ठरतो. घाई केलीत, एकदम दोन तास मागे उडी मारलीत, तर पुन्हा तळाच्या चुकीच्या बाजूला जाल. मधे एखादा दिवस चुकला तर पुढे रेटू नका, त्याच वेळेवर दोन दिवस थांबा.

बाहेर जाण्याचा आग्रह का? ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. मोकळ्या आभाळाखाली तो सहज १०,०००च्या वर जातो, आणि श्रावणातल्या ढगाळ सकाळीही काही हजार भरतो. आपल्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही, बाहुली लहान-मोठी होऊन तो झाकून टाकते. घड्याळाला बरोबर कळतो. एप्रिल-मेमध्ये अकराच्या उन्हात उभं राहून चक्कर आणायची नाही. झाडाच्या सावलीत, टोपी घालून, किंवा आभाळ दिसेल अशा गॅलरीत बसलात तरी पुरे. गॉगल नको. सूर्याकडे टक लावून तर अजिबात बघायचं नाही. उजेडाचे खास दिवे मिळतात, १०,००० लक्सचे, अर्धा तास समोर बसायचे. ते मी बाहेर पडणं शक्यच नसलेल्यांना सांगते. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल किंवा उन्माद-नैराश्याचा आजार स्वतःला किंवा जवळच्या नात्यात असेल, तर दिवा काय आणि हा सगळा कार्यक्रम काय, डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नका. अशा माणसाला जोराचा उजेड आणि झोपेतले बदल उन्मादाकडे ढकलू शकतात.

पंधरवड्याची सोय होईपर्यंत, कामाच्या दिवशी साडेआठला उठावंच लागतं तेव्हा काय? तळाच्या अलीकडचा उजेड कमी करा. पडदे उघडू नका, ऑफिसला जाताना गॉगल लावा, आणि साडेदहा-अकराला ‘जरा चहा घेऊन येतो’ म्हणत वीस मिनिटं इमारतीबाहेर या. आणखी एक, हे विनंतीवजा नाही: पाच तासांच्या झोपेवर, शरीराच्या हिशेबाने मध्यरात्री, बाणेर रोडच्या गर्दीत दुचाकी चालवू नका. तळाच्या आसपास पेंग सर्वांत जास्त असते. बस, कॅब, कोणाच्या तरी मागे बसून, काहीही करून जा.

संध्याकाळची बाजू सोपी आहे, पण लोक तिचाच फार बाऊ करतात. झोपेच्या आधीचे दोन-तीन तास घरातला लख्ख पांढरा एलईडी बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू, मोबाइलचा उजेड कमी. मोबाइल निर्दोष नाही, पण सगळं खापर त्याच्यावर फोडण्यातही अर्थ नाही. दिवसभर चांगल्या उजेडात वावरलेल्या माणसावर रात्रीच्या पडद्याचा परिणाम बराच कमी होतो. तुम्ही सकाळी काचेच्या इमारतीत शिरता आणि अंधार पडल्यावर बाहेर येता, तेव्हा तुमच्या घड्याळाला दिवसाचा पत्ताच लागत नाही. मग रात्रीचा सहा इंचांचा पडदाच त्याला दिवस वाटतो. चहा-कॉफीचं म्हणाल तर कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना याहून बरेच जास्त. साडेसहाची ऑफिसातली कॉफी साडेअकराला निम्मी शिल्लक असते. ऑफिसातून येऊन सातला तासभर डुलकी काढता ना? ती सोडा, तिनेच रात्रीच्या झोपेची भूक मरते.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ माणसांना आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत ठेवलं. वीज नाही, रात्री फक्त शेकोटी. त्यांची घड्याळं साधारण दोन तास अलीकडे आली, आणि जास्त उशिरा झोपणारे जास्त सरकले. माणसं आठच होती, म्हणून फार बडेजाव करायला नको. पण आपल्याकडे हे कोणी नवीन सांगायला हवंय? हरिश्चंद्रगडावर दोन रात्री काढून आलेला माणूस सांगतो की नऊला डोळे मिटत होते. माझा एक पेशंट, तुमच्याच क्षेत्रातला, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालत गेला. आयुष्यात पहिल्यांदा रात्री साडेनऊला झोपलो म्हणाला. दिवसभर चालण्याचा शीण त्यात आहेच, पण पहाटेपासून अंधार पडेपर्यंत आभाळाखाली असणं आणि रात्री मिणमिणता उजेड, हा भाग मोठा. परत आल्यावर महिन्याभरात तो पुन्हा अडीचवर गेला. तेव्हा त्याला पटलं की उपाय चुकला नव्हता, तो चालू ठेवायचा राहिला.

मेलाटोनिनबद्दल तुम्ही विचारलंय. त्यात वेळ सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण चुकवतात. रात्री एकला गोळी घेऊन ‘झोप येत नाही’ म्हणून तक्रार करतात. घड्याळ अलीकडे आणायचं असेल तर तुमच्या आत्ताच्या झोपेच्या पाच-सहा तास आधी, म्हणजे रात्री साडेनऊ-दहाला, अगदी कमी मात्रेत घ्यावं लागतं, आणि झोप जसजशी मागे येईल तसतशी गोळीही मागे आणायची. ऑस्ट्रेलियात ११६ जणांवर झालेल्या चाचणीत अर्धा मिलिग्रॅम मात्रा, हव्या त्या झोपेच्या वेळेच्या तासभर आधी, ठरावीक वेळी अंथरुणात जाण्याच्या पथ्यासकट चार आठवडे दिली. औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत झोप सरासरी ३४ मिनिटं आधी लागली. फार नाही, पण खोटंही नाही. आपल्या दुकानांत मिळतात त्या तीन, पाच, दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या. दहाने दसपट काम होत नाही. जास्त मात्रा सकाळपर्यंत रक्तात रेंगाळली तर ती उलटं काम करते. गोड गोळ्या, गमी वगैरे मला आवडत नाहीत. अमेरिकेत तपासलेल्या २५ गमींपैकी २२ वर लिहिलेली मात्रा आणि आतली मात्रा जुळली नव्हती. रक्त पातळ करणारी किंवा फिटची औषधं चालू असतील, किंवा गरोदरपण असेल तर स्वतःच्या मनाने नको. गोळी घेतल्यावर गाडी नको.

इंटरनेटवर एक उपाय हमखास सापडतो: रोज तीन-तीन तास पुढे सरकत सगळा फेरा पूर्ण करून रात्री अकरावर येऊन थांबायचं. तो शोध खोटा नाही, १९८१ मध्येच सुचवला गेला होता. पण घरात कोणी दुपारी तुम्हाला झोपू देणार नाही, आणि काहींचं घड्याळ अकरावर थांबतच नाही, पुढे फिरतच राहतं. सीए करणारा एक मुलगा माझ्याकडे त्या अवस्थेत आला होता. कुठल्या दिवशी तो दिवसा जागा असेल हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं. हा प्रयोग एकट्याने करू नका.

आता शिस्त. तुमच्या वडिलांना मी नावं ठेवणार नाही. एकदा घड्याळ जागेवर आलं की ते टिकवायला शिस्तच लागते: उठायची वेळ सातही दिवस तीच, रविवारी फार तर तासाची सूट. पण बंगाली माणसाच्या तुलनेत पुण्या-मुंबईचा माणूस आधीच मागे उभा आहे, हे त्यांना सांगा. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे, आपण ७३-७४ अंशांवर. कोलकात्यात जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो, पुण्यात सात वाजून गेल्यावर. मुंबईने तर १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी ‘बॉम्बे टाइम’ ठेवली होती, भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. तुमचं घड्याळ नुसतं आणखी थोडं पश्चिमेला राहतं, असं म्हणा. आणि एक बघा: तुम्ही मुलगा म्हणून ‘शिस्त नाही’ एवढ्यावर सुटता. हाच त्रास घेऊन येणाऱ्या नव्या सुनांना ‘वळण नाही’ ऐकावं लागतं, माहेरच्यांसकट. दोनदा मी सासूबाईंना बोलावून घेऊन तळाची आकृती काढून दाखवली आहे. एकींना पटली. दुसऱ्या म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हते असले तळ.”

सगळ्यांनी घड्याळ बदलायलाच हवं, असंही माझं म्हणणं नाही. साडेअकराला सुरू होणारं काम मिळत असेल, घरच्यांना चालत असेल, तर तुमच्यात बिघडलेलं काही उरत नाही. वर्तमानपत्रांच्या रात्रपाळीत अशी माणसं वर्षानुवर्षं सुखात होती. मीटिंग साडेदहाला ढकलता येते का, हे तुमच्या मॅनेजरला एकदा सरळ विचारून तर बघा. दोन महिन्यांच्या उपचारांइतकं काम त्या एका तासाने होतं. मात्र झोप येत असूनही ‘दिवसातला हाच वेळ माझा’ म्हणून फोन धरून जागत असाल, तर ते वेगळं प्रकरण. आजोळी गेल्यावर, करमणुकीचं काही नसताना, किती वाजता झोप लागते ते आठवा. तिथेही तीनच वाजत असतील तर घड्याळ.

मन उदास राहतं, कशातच रस वाटत नाही, कधी दोन तासांच्या झोपेवरही आठवडाभर उत्साह उतू जातो, जोरात घोरता, लहानपणापासून लक्ष एका जागी टिकत नाही, यातलं काही लागू असेल तर मात्र वही घेऊन प्रत्यक्ष भेटा, तुमच्या गावातल्या कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला किंवा झोपेच्या डॉक्टरला. उशिरा सरकलेल्या घड्याळाच्या आडोशाला हे आजार बऱ्याचदा बसलेले असतात.

राहिलं म्युनिक. जूनमध्ये तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तुमचे पहाटेचे साडेतीन म्हणजे तिथले रात्रीचे बारा, तुमचे साडेअकरा म्हणजे सकाळचे आठ. विमानातून उतराल त्या दिवशी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसारखे असाल, कुठलाही उपाय न करता. घरी फोन करून सांगालही, सुटलं म्हणून. त्यावर विसंबलात तर काही आठवड्यांत तिथल्या घड्याळात पुन्हा तीन वाजायला लागतील, कारण जूनमध्ये तिथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो आणि उजेड दहापर्यंत रेंगाळतो. ऑफिसातून सुटल्यावर नदीकाठी बसायचा मोह होणार, आणि ती संध्याकाळ तुमच्या तळाच्या चुकीच्या बाजूला आहे.

म्हणून पुण्यातला पंधरवडा आता करूच नका, ती रजा वाचवा. जाण्याआधी एक महिना फक्त वही ठेवा. तिथे पोचल्यावर तुमचा तळ असेल पहाटे पाच-साडेपाचला, म्हणजे सकाळी सात-आठचा उजेड पहिल्या दिवसापासून योग्य बाजूचा. पहिले तीन आठवडे रोज आठच्या आत बाहेर, ऑफिसला शक्य तेवढं चालत. संध्याकाळी साडेआठनंतर गॉगल किंवा घरात पडदे ओढून. शनिवार-रविवारीही आठलाच उठायचं. डिसेंबरमध्ये तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो, तेव्हा उजेडाचा दिवा लागेल. तो तिथेच घ्या, ऑक्टोबरमध्ये. आणि परत येताना विमान पूर्वेकडे येतं, त्या साडेतीन-साडेचार तासांचा हिशेब उलटा होतो. तेव्हा परतल्यावर पहिला आठवडा सकाळच्या मीटिंग घेऊ नका, आणि टेकडीवर जायचं झालं तर दहानंतर.